व्यवस्थापकांसाठी नेटवर्क आणि सॉफ्टवेअर: आराखड्याच्या कामाच्या नोंदी

२ जानेवारी

काम हाती आलं. कंपनीची ठिकाणं तीन: मुख्य कार्यालय, कारखाना आणि गोदाम. तिन्हीकडच्या व्यवस्थापकांना रोजचे आकडे वेळेवर आणि एकसारखे मिळावेत, यासाठी नेटवर्क आणि त्यावरचं सॉफ्टवेअर या दोन्हींचा आराखडा एकत्र करायचा आहे. एकत्र हे महत्त्वाचं. दोन्ही कामं वेगवेगळ्या हातांत गेली की रिपोर्ट उघडायला वेळ लागल्यावर सॉफ्टवेअरवाला केबलकडे बोट दाखवतो आणि केबलवाला सॉफ्टवेअरकडे.

सोबत मागण्यांची यादी मिळाली. नवा सर्व्हर, जास्त वेगाचं इंटरनेट, प्रत्येक व्यवस्थापकाच्या मोबाइलवर डॅशबोर्ड, बैठकीच्या खोलीत मोठा पडदा. सगळ्या मागण्या वस्तूंच्या आहेत, आणि त्यांतल्या एकीपुढेही ती कशासाठी हवी ते लिहिलेलं नाही. यादी बाजूला ठेवून चार रकान्यांचा कोरा तक्ता आखला: निर्णय कोणता, तो कधी घ्यावा लागतो, कोणत्या आकड्यावर, आणि आकडा उशिरा आला तर काय अडतं. प्रत्येक व्यवस्थापकाशी बोलताना हाच भरायचा. लाइन किती वेगाची आणि सर्व्हर केवढा, हेही यातूनच ठरायला हवं.

६ जानेवारी

बोलणी सुरू झाली. विक्रीप्रमुखांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "सगळं लाइव्ह पाहिजे." मी विचारलं, "साहेब, समजा अकरा वाजून पाच मिनिटांनी विक्रीचा आकडा बदलला, तर त्या क्षणी तुम्ही काय वेगळं कराल?" त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "विक्रीच्या आकड्यावर काही नाही, तो सकाळच्या बैठकीत लागतो. पण ग्राहक फोनवर असताना माल शिल्लक आहे की नाही, हे मला त्याच मिनिटाला कळायला हवं. आणि त्याची उधारी मर्यादेत आहे का, तेही."

या एका उत्तरानं अर्धा आराखडा उलगडला. चालू क्षणाचे लागणारे आकडे थोडे आहेत: शिल्लक माल, ग्राहकाची उधारी, गेटवर उभ्या असलेल्या गाडीची नोंद. बाकीचे ठरावीक वेळेचे चालतात. उत्पादन व्यवस्थापकांना पाळी बदलण्याआधी मागच्या पाळीचं उत्पादन आणि बाद झालेला माल हवा. भांडारप्रमुखांना दुपारी एकदा, उद्या लागणाऱ्या कच्च्या मालाचा. वित्तप्रमुख मॅडमना महिनाअखेरीस, पण तो मात्र पैशाच्या शेवटच्या अंकापर्यंत बरोबर. थोडक्या आकड्यांसाठी मुख्य डेटाबेसला थेट विचारायचं आणि उरलेल्यांसाठी वेगळी सोय करायची, एवढं आजच पक्कं झालं.

९ जानेवारी

आजचा दिवस एकाच प्रश्नात गेला, आणि तो तसा जायलाच हवा होता. गेल्या महिन्याची विक्री किती? विक्री विभागाचा आकडा सर्वांत मोठा, गोदामाचा त्याहून कमी, हिशेब विभागाचा आणखी कमी. तिघांच्याही बेरजा मी तपासल्या. तिन्ही बरोबर आहेत.

विक्री विभाग ऑर्डर आली की मोजतो. गोदाम गाडी गेटबाहेर पडली की. हिशेब विभाग बिल फाडल्यावर, आणि परत आलेला माल वजा करून. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत आलेल्या ऑर्डरी एका आकड्यात या महिन्यात पडतात, दुसऱ्यात पुढच्या. आजवर बैठकीत प्रत्येक जण आपापला कागद घेऊन बसायचा, आणि आकडा कुणाचा खरा यावरच वेळ जायचा.

यावर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. आपण न ठरवलेला आकडा ते फक्त जास्त वेगानं दाखवेल. म्हणून तिघांना एका टेबलाशी बसवलं. विक्रीप्रमुखांचं म्हणणं, ऑर्डर मिळवणं हेच आमचं काम, ते दिसलंच पाहिजे. वित्तप्रमुख म्हणाल्या, "बिल झाल्याशिवाय मी त्याला उत्पन्न धरू शकत नाही." दोघंही बरोबर होते. तोडगा निघाला तो असा: आकडे तीन राहतील, त्यांची नावंही तीन राहतील, मिळालेल्या ऑर्डरी, रवाना माल आणि निव्वळ बिल. नुसतं "विक्री" असं कोणत्याही पडद्यावर छापायचं नाही. तिन्ही एकाखाली एक दिसतील. मधला फरकही उपयोगाचा आहे, कारण ऑर्डर आहे पण माल गेला नाही, याचाच अर्थ काम कुठेतरी अडलंय.

मग प्रत्येक आकड्यासाठी एक छोटं कार्ड केलं. आकडा कोणत्या कागदावरून येतो, कोणत्या घटनेला मोजला जातो, किती वाजता बंद होतो, आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कोणत्या पदाचा. हे शेवटचं कलम लिहून घ्यायला वेळ लागला. पण मालक नसलेला आकडा चुकला तर तो दुरुस्त करायला कुणीच पुढे येत नाही. कार्डांवर संबंधित प्रमुखांच्या सह्या घेतल्या. सॉफ्टवेअर कुणाकडूनही घेतलं तरी ही कार्डं करारासोबत जोडायची.

१३ जानेवारी

कारखान्याची पाहणी. विद्युत विभागाचे फोरमन दिवसभर सोबत होते. कुठली केबल कुठून जाते हे कुठल्याच नकाशावर नाही, त्यांना मात्र पाठ आहे. आज ते सगळं कागदावर उतरवलं.

टेबलांखाली साधे नेटवर्क स्विच, म्हणजे कॉम्प्युटरच्या केबल एकत्र जोडणारे डबे, एकाला एक जोडत नेलेत. लांबच्या टोकाच्या कॉम्प्युटरचा मजकूर चार-पाच डबे ओलांडून मुख्य स्विचपर्यंत पोहोचतो, आणि मधला एक बंद पडला की त्यापुढचे सगळे बंद. फोरमन म्हणाले, मधेच कधीतरी अख्खं नेटवर्क गोठतं आणि कुठलीतरी वायर काढली की आपोआप चालू होतं. लक्षण ओळखीचं आहे. कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचली की वळसा तयार होतो. इथरनेट या केबलच्या नेटवर्कवर माहिती ज्या पाकिटातून जाते, त्या फ्रेममध्ये आयुष्याची मर्यादा सांगणारा आकडाच नसतो, त्यामुळे सर्वांसाठी पाठवलेला एक संदेश त्या वळशात फिरत राहतो, वाढत जातो आणि सगळी वाट अडवतो. राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावरच स्पॅनिंग ट्रीची युक्ती काढली. स्विच आपसांत बोलून वळसा ओळखतात आणि त्यातली एक वाट बंद ठेवतात. २००१ मध्ये तिची जलद आवृत्ती आली. पण हे सेटिंग बदलता येणाऱ्या, व्यवस्थापनक्षम स्विचमध्येच मिळतं, टेबलाखालच्या साध्या डब्यात नाही. साधे स्विच सगळे काढायचे, आणि प्रत्येक कॉम्प्युटरची केबल सरळ जवळच्या रॅकमधल्या पॅच पॅनलवर, म्हणजे केबलची टोकं बसवायच्या पट्टीवर, आणायची.

अंतरं मोजली. तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे. त्यात भिंतीतली पक्की केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या छोट्या सुट्या केबल, पॅच कॉर्ड, मिळून १०. कार्यालयापासून रंगकाम विभाग सरळ रेषेत जवळ वाटतो, पण केबल भिंतीच्या कडेनं आणि छताखालच्या ट्रेमधून फिरून जाते. हिशेब त्या वाटेचा करायचा. इथं फायबरच लागेल. दोन इमारतींमध्ये तर अंतर कमी असलं तरी फायबरच टाकायची, असा माझा आग्रह आहे. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असू शकतो, आणि वीज कोसळली तर तांबं ती एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीच्या स्विचमध्ये आणून सोडतं. काचेतून वीज वाहत नाही.

१७ जानेवारी

पत्त्यांची आखणी, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला ओळखणारा क्रमांक ठरवणं. खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले तीन पट्टे आहेत: १०.०.०.० पासूनचा, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचा आणि १९२.१६८ चा. शेवटचा मुद्दाम टाळला. घरगुती राउटर बहुधा तोच वापरतात. व्यवस्थापक घरून व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खासगी वाटेनं, जोडले गेले आणि घरचा व कार्यालयाचा पट्टा एकच निघाला, तर त्यांचा कॉम्प्युटर कार्यालयाचा सर्व्हर घरातच शोधत बसतो. म्हणून १० चा पट्टा घेतला. दुसरा अंक ठिकाणाचा, तिसरा गटाचा. १०.२०.३०.० म्हणजे कारखाना, यंत्रांचा गट. प्रत्येक गटाला २५४ पत्ते मिळतात, पुरेसे आहेत. पत्ता पाहिला की उपकरण कुठलं आणि कशाचं, हे रात्री दोन वाजता फोनवरसुद्धा सांगता आलं पाहिजे.

गट असे: कार्यालयीन कॉम्प्युटर, फोन, यंत्रं, कॅमेरे, पाहुणे आणि स्विच-राउटरच्या देखभालीचा वेगळा. प्रत्येकाचं स्वतंत्र व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळं राखलेलं नेटवर्क. कुणी कुणाशी बोलायचं याचे नियम आधी साध्या मराठी वाक्यांत लिहिले आणि प्रमुखांना वाचून दाखवले: "पाहुण्यांना फक्त इंटरनेट. कॅमेरे फक्त रेकॉर्डरशी. यंत्रांचे आकडे गोळा करणाऱ्या एकाच सर्व्हरला यंत्रांपर्यंत जाता येईल, व्यवस्थापकांच्या कॉम्प्युटरला नाही." शेवटच्या नियमावर उत्पादन व्यवस्थापकांनी भुवया उंचावल्या. मी सांगितलं, तुम्हाला आकडे हवेत, यंत्राचा दरवाजा नाही. तुमच्या मेलमधून आलेली एखादी फाइल यंत्रापर्यंत पोहोचू नये म्हणून ही भिंत. त्यांनी मान्य केलं आणि पहिला मुद्दा म्हणून लिहून घ्यायला लावलं.

वायफायला सगळ्यांचा एक पासवर्ड नको. प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन. नोकरी सोडणाऱ्याचं तेवढं बंद करता येतं.

२० जानेवारी

वेगाचा हिशेब. यादीतलं "जास्त वेगाचं इंटरनेट" कशासाठी, ते आकड्यांत पाहिलं. सकाळच्या अहवालाचं पान अगदी हलकं आहे. फोनचं एक संभाषण आवाज पाठवण्याच्या साध्या जी.७११ पद्धतीनं, पाकिटांवरचा पत्त्याचा मजकूर (हेडर) धरून, सेकंदाला ९० किलोबिटच्या आत बसतं. फोनला लागतो तो नियमितपणा, आवाज एका बाजूला पोहोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू नये. रुंद वाट लागते ती व्हिडिओ बैठकांना आणि बॅकअपला. एक टेराबाइट डेटा १०० मेगाबिटच्या लाइनवरून न्यायला, दुसरं काहीही चालू नसताना, बावीस तासांहून जास्त लागतात. म्हणजे रात्रीत पुरा होणं अशक्य. त्यावर उपाय लाइन वाढवण्याचा नाही. पूर्ण प्रत कार्यालयातच, गिगाबिटच्या आतल्या नेटवर्कवर काढायची. बाहेर रोज फक्त बदललेला भाग पाठवायचा.

वेगापेक्षा दुसरी लाइन जास्त गरजेची आहे. ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, आणि ते सगळे तास महिनाअखेरच्या एका दिवशी आले तरी हमी पाळलीच म्हणायची. दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीची हवी आणि दुसऱ्या वाटेनं आलेली हवी. दोघांच्या फायबर एकाच नळीतून येत असतील तर खोदकामाचा एक घाव दोन्ही तोडतो. करारात "इमारतीत शिरण्याची वाट वेगळी" हे शब्द घालायचे, आणि ती वाट स्वतः चालून पाहायची.

२४ जानेवारी

सॉफ्टवेअर. विकत घ्यायचं की करून घ्यायचं, यावर सगळ्यांसोबत चर्चा झाली. माझं मत दिलं: हिशेब, पगार आणि कर यांचे नियम बाहेर ठरतात आणि बदलत राहतात, ते तयार घ्यावं. उत्पादन आणि पाळ्यांची नोंद या कारखान्याची खास आहे, ती करून घ्यावी. दोन्हींतून डेटा बाहेर काढण्याची मोकळी सोय असलीच पाहिजे. ती नसेल तर किंमत कितीही कमी असो, नाव यादीतून काढायचं.

अहवालांसाठी मुख्य डेटाबेसची फक्त वाचायची प्रत ठेवायची. महिनाअखेरीस वर्षभराची तुलना काढणारी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मुख्य डेटाबेसवर चालली की गोदामात बिल काढणारा माणूस पडद्याकडे पाहत उभा राहतो. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये अशी सतत अद्ययावत होणारी, वाचता येणारी प्रत २०१० च्या ९.० आवृत्तीपासून मिळते. एक बारकावा विक्रेत्याला आधीच सांगून ठेवला. मुख्यकडून आलेला बदल आणि प्रतीवर चालू असलेली लांबलचक क्वेरी यांची टक्कर झाली, तर मूळ सेटिंगप्रमाणे पोस्टग्रेस तीस सेकंद वाट पाहून क्वेरी रद्द करतं. मोठे अहवाल नेमके असेच मरतात आणि कारण कुणाला सापडत नाही. ती मुदत वाढवायची, आणि त्या काळात प्रत थोडी मागे पडेल हे मान्य करायचं.

प्रत मागे पडणार, म्हणूनच प्रत्येक पडद्यावर ठळक ओळ हवी: "हे आकडे सकाळी ६:१० पर्यंतचे." छापलेल्या कागदावरही. बैठकीत दोन कागद वेगळे निघाले तर आधी वेळ पाहायची, मग बोलायचं.

एक्सेलबद्दल कुणीतरी म्हणालं, ते बंदच करा. मी विरोध केला. व्यवस्थापक एक्सेलमध्ये विचार करतात: रकाने हलवतात, स्वतःचे प्रश्न विचारून पाहतात. ते काढून घेतलं तर ते लपून करतील. अडचण आहे ती मूळ आकडा तिथं तयार होण्याची. आकडा डेटाबेसमधल्या ठरलेल्या व्याख्येतून निघेल, एक्सेलमध्ये तो वेळेच्या शिक्क्यासह उतरवून घेता येईल, आणि परत वर चढवायचा रस्ता नसेल. शिवाय जुन्या स्वरूपाच्या शीटमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, नव्या स्वरूपात १०,४८,५७६. त्यापुढचा डेटा गळतो. म्हणून उतरवतानाच एकूण ओळींची संख्या आणि बेरीज वर छापायची.

२८ जानेवारी

अधिकारांचा तक्ता. संचालकांनी सांगितलं, "मला सगळं उघडं ठेवा." मी दोन वाक्यं समोर ठेवली: सगळं पाहता येणं, आणि सगळं बदलता येणं. ते लगेच म्हणाले, "बदलायचं काय करू मी? पाहायचंय." पहिलं दिलं, दुसरं नाही. त्यांचा पासवर्ड चोरीला गेला तरी आता कुणाला एकही बिल बदलता येणार नाही. वरिष्ठांचं लॉगिन हे चोराचं पहिलं लक्ष्य असतं, त्यामुळे पद जितकं मोठं तितके बदलाचे अधिकार जपून.

अधिकार माणसाला नाही, भूमिकेला द्यायचे. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे आणि कंपनीच्या रोजच्या व्यवहाराला ती नेमकी बसते. बदली झाली की जुनी भूमिका काढायची, नवी द्यायची. खरेदीची ऑर्डर करणारी आणि पैसे मंजूर करणारी या दोन भूमिका एकाच माणसाकडे येऊ शकणार नाहीत, हे सॉफ्टवेअरनंच अडवायचं.

आता रजेचा प्रश्न. भांडारप्रमुख रजेवर जाताना आपला पासवर्ड हाताखालच्याला देऊन जातात. हे त्यांनी स्वतः, मोकळेपणानं सांगितलं. त्यात मला त्यांचा दोष दिसत नाही. माल उतरवायला गाडी उभी असेल तर कुणाला तरी मंजुरी द्यावीच लागते. नियम करून हे थांबणार नाही, सोय करून थांबेल. सॉफ्टवेअरमध्ये "माझ्याऐवजी" असं बटण हवं: कोण, कोणत्या कामापुरतं, कोणत्या तारखेपर्यंत. तारीख संपली की अधिकार आपोआप परत. नोंदीत दोघांचीही नावं: मंजुरी कुणी दिली आणि कुणाच्या वतीनं. ही मागणी कुठल्याही विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सापडली नाही. माझ्या मते सगळ्या आराखड्यात सर्वांत जास्त वापरलं जाणारं बटण हेच असेल.

पासवर्ड दर महिन्याला बदलायची सक्ती काढली. अमेरिकेच्या मानक संस्थेनंही २०१७ च्या मार्गदर्शनात ती नको म्हटलंय, कारण सक्तीमुळे लोक शेवटचा अंक तेवढा वाढवतात. त्याऐवजी लांब पासवर्ड आणि फोनवरचा तीस सेकंदांचा कोड. त्या कोडसाठी सर्व्हरचं घड्याळ बरोबर लागतं, तेव्हा वेळ जुळवणारी सेवा तिन्ही ठिकाणी.

१ फेब्रुवारी

वीज. सर्व्हरला यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारं यंत्र) आहे, मजल्यावरच्या स्विचला नाही. म्हणजे वीज गेली की सर्व्हर चालू आणि त्याच्यापर्यंत जायला रस्ता नाही. प्रत्येक रॅकला यूपीएस.

केबलमधूनच वीज घेणारे फोन, कॅमेरे आणि वायफाय यांचा भार वेगळा मोजला. ३७० वॉटचा २४ पोर्टचा, म्हणजे केबल खोचायच्या २४ जागांचा, स्विच म्हणजे प्रत्येक पोर्टला साधारण १५.४ वॉट. ३० वॉट मागणारी उपकरणं लावली तर तोच स्विच बाराच चालवतो. खरेदीच्या पत्रात पोर्टसोबत वॉट लिहायचे.

४ फेब्रुवारी

बॅकअपची बैठक. "किती डेटा गमावलेला चालेल?" असं विचारलं की उत्तर "अजिबात नाही" असंच येतं. म्हणून प्रश्न बदलला: सर्व्हर जळाला, तर किती तासांच्या नोंदी तुम्ही कागदावरून पुन्हा हातानं भरू शकाल? गोदाम म्हणालं, अर्धा दिवस, कारण गेट पासची पुस्तकं आहेत. उत्पादन म्हणालं, एक पाळी. वित्त विभाग म्हणाला, एक तासही नाही, बँकेची नोंद आणि आमची जुळली नाही तर आठवडा जातो. तीन विभागांना तीन मुदती मिळाल्या, आणि खर्चही त्याप्रमाणे वाटला गेला.

रेडवर, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याच्या सोयीवर, कुणी विसंबू नये म्हणून बैठकीतच समजावलं. डिस्क मेली तर रेड वाचवतं. कुणी चुकून हजार नोंदी खोडल्या तर त्या दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी खोडल्या जातात. प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. आणि त्यातली किमान एक नेटवर्कवरून पोहोचताच येणार नाही अशी, कारण खंडणी मागणारे व्हायरस आधी बॅकअपच शोधतात. तिमाहीला एकदा प्रतीवरून कोऱ्या मशिनवर सगळं उभं करून पाहायचं आणि किती वेळ लागला तो लिहायचा. ही तारीख संचालकांच्या डायरीत टाकून घेतली.

८ फेब्रुवारी

खर्चाची कात्री. बैठकीच्या खोलीतला पडदा आणि मोबाइलवरचे आलेख पुढच्या टप्प्यात ढकलले. इमारतींमधली फायबर, दुसरी लाइन, कपाटात ठेवायचा जादा स्विच आणि बॅकअपची चाचणी यांना हात लावू दिला नाही. पडदा नंतर कधीही टांगता येतो. जमिनीखालची नळी पुन्हा खोदणं कुणालाच परवडत नाही.

१२ फेब्रुवारी

सकाळच्या पानाचा नमुना उत्पादन व्यवस्थापकांना दिला. एकच पान, सात ओळी, एकही आलेख नाही. त्यांनी दोन मिनिटांत बोट ठेवलं: "रात्रपाळीचा बाद माल पुढच्या दिवसात गेलाय." रात्री दहाची पाळी सकाळी सहाला संपते. मध्यरात्रीनंतर नोंदलेला माल तारखेप्रमाणे दुसऱ्या दिवसाचा ठरतो, पण पाळी आदल्या दिवसाची. त्यामुळे आदल्या रात्रीचं काम चांगलं दिसतं आणि दुसऱ्या दिवसाचं वाईट, आणि दोन पाळ्यांचे पर्यवेक्षक कारण नसताना एकमेकांवर चिडतात.

उपाय: प्रत्येक नोंदीला दोन खुणा. एक खरी वेळ, जागतिक वेळेत साठवलेली. दुसरी पाळीची तारीख, पाळीच्या सुरुवातीवरून ठरणारी. उत्पादनाचे सगळे आकडे दुसरीवर, तपास आणि वाद पहिलीवर. कार्डावर "किती वाजता बंद होतो" हा रकाना होताच, त्यात आता पाळीची तारीखही घातली. डेटाबेसमध्ये कितीही खोल शिरलं तरी हे दिसलं नसतं. त्या मजल्यावर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला दिसलं.

१७ फेब्रुवारी

केबल उपटण्याची चाचणी, तात्पुरत्या जोडणीवर. कारखाना आणि मुख्य कार्यालय यांच्यातली मुख्य लाइन भर कामाच्या वेळी काढली. दुसरी लाइन लागली, व्हीपीएन पुन्हा जुळलं. लॉगिन होत होतं, छोटी पानं उघडत होती, पण महिन्याचा अहवाल अर्ध्यावर अडकून बसला. असं दिसलं की आधी पॅकेटचा, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा, आकार तपासायचा. इथरनेटवर १५०० बाइटचं पॅकेट जातं. व्हीपीएनचं वेष्टन चढलं की आतल्या मजकुराला जागा कमी उरते, वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर म्हणूनच मुळात १४२० धरतं. दुसऱ्या लाइनच्या राउटरवर "पॅकेट मोठं आहे" हा परतीचा निरोपच अडवलेला होता, त्यामुळे सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. निरोपाला वाट दिली, अहवाल उघडला.

मग दोन्ही लाइन काढल्या. गेटवर गाडी उभी होती. गेटवरच्या कर्मचाऱ्यानं शांतपणे नोंद केली, कारण गेट आणि वजनकाट्याच्या नोंदी आता आधी कारखान्यातच साठतात आणि लाइन आली की वर जातात. प्रत्येक नोंदीला जन्मतःच स्वतःचा क्रमांक मिळतो, त्यामुळे मध्येच तुटून तीच नोंद दोनदा पाठवली गेली तरी वर एकदाच मोजली जाते. लाइन जोडल्यावर बेरीज ताडून पाहिली, जुळली. उधारीची तपासणी मात्र लाइनशिवाय होत नाही. त्या वेळी किती रकमेपर्यंत माल सोडायचा, ही मर्यादा संचालकांनी लेखी दिली. असा निर्णय यंत्रावर सोडायचा नसतो.

२२ फेब्रुवारी

आराखडा मंजूर. काम स्वीकारण्याच्या अटी करारात अशा घातल्या: उपकरणं बसली म्हणून पैसे नाहीत, ठरलेल्या वेळी सकाळचं पान सलग एक महिना आलं, महिनाअखेरचा निव्वळ बिलाचा आकडा हिशेबाच्या वह्यांशी जुळला, आणि बॅकअपवरून यंत्रणा ठरलेल्या मुदतीत उभी राहिली, तर पैसे. प्रत्येक केबलचा क्रमांक आणि चाचणीचा कागद, पत्त्यांचा तक्ता, स्विचची सेटिंग्ज, करून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड हे सगळं कंपनीच्या ताब्यात. मुख्य पासवर्ड दोन सीलबंद पाकिटांत, दोन वेगळ्या तिजोऱ्यांत.

उरलेली कामं: दुसऱ्या लाइनची इमारतीत शिरण्याची वाट अजून कंपनीनं नकाशावर दाखवलेली नाही, तोवर त्या करारावर सही नाही. परत आलेल्या मालाच्या कार्डावर गोदाम आणि वित्त यांचं एका कलमावर एकमत व्हायचंय, पुढच्या आठवड्यात दोघांना बसवायचं. फायबरची नळी कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी टाकायला घ्यायची. त्याआधी फोरमनसोबत खोदायच्या रेषेवर जुन्या विजेच्या केबलच्या खुणा करून घ्यायच्या.